सदाफुलीच्या कुंड्या काढून टाकू का? मांजर पाळणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच महिन्यांचं मांजराचं पिल्लू, गॅलरीत सदाफुलीच्या कुंड्या. काल संध्याकाळी पिल्लाने दोन-तीन पानं कुरतडली, रात्री एकदा उलटी केली, आज सकाळपासून मस्त खेळतंय, खातंय. नेटवर बघितलं तर सदाफुली "विषारी, मृत्यूही होऊ शकतो" असं लिहिलंय आणि शेजारच्या काकू म्हणतात, अहो आम्ही शुगरसाठी रोज सकाळी पानं चावून खातो, काही होत नाही. मग खरं कोणाचं आणि कुंड्या काढायच्या की ठेवायच्या.

मी कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर आहे, बरीच वर्षं हेच करतोय, आणि हा प्रश्न पावसाळा सरत आला की हमखास येतो, कारण तेव्हा सगळ्यांच्या गॅलऱ्या फुललेल्या असतात आणि उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं नेमकी दात बदलायच्या वयात आलेली असतात, दिसेल ते चावून बघतात.

आधी उत्तर देतो मग बाकीचं. सदाफुली मांजरासाठी सेफ नाही. पण तुम्ही जे सांगताय, दोन-तीन पानं, एक उलटी, त्यानंतर खाणं-पिणं-खेळणं नॉर्मल, त्यावरून पिल्लू बहुतेक निभावलंय. आज दिवसभर लक्ष ठेवा, परत उलटी झाली किंवा जेवण सोडलं तर दाखवून घ्या, रात्रभर जागत बसायची गरज नाही. कुंड्या मात्र पिल्लू मोठं होईपर्यंत तरी तिथून हलवा. का ते आता सांगतो, कारण नुसतं "विषारी आहे" म्हटल्याने काही कळत नाही.

सदाफुली मूळची मादागास्करची, आपल्याकडे इतकी रुळलीय की कोणाला ती बाहेरची वाटत नाही. हिच्यात शंभराच्या वर वेगवेगळी अल्कलॉइड, म्हणजे झाडं स्वतः तयार करतात ती कडू, अंगावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत, त्यातली दोन म्हणजे व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं आहेत. माणसांच्या ल्युकेमियात म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः लहान मुलांच्या, व्हिंक्रिस्टिन १९६० च्या दशकापासून वापरतात. आणि गंमत म्हणजे मी ते स्वतः वापरतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना जननेंद्रियावर एक लालभडक, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ येते, रक्त ठिबकत असतं, लोक बघून घाबरतात, तिला टीव्हीटी म्हणतात, ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागते. तिच्यावर आठवड्याला एक याप्रमाणे व्हिंक्रिस्टिनची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. म्हणजे ज्या झाडाबद्दल तुम्ही विचारताय त्याचं औषध माझ्या फ्रिजमध्ये कायम असतं.

ते देताना मी किती जपतो ते सांगितलं तर अंदाज येईल. हातात ग्लोव्ह्ज, शिरेत सलाईनची सुई नीट बसलीय ना हे दोनदा तपासायचं, आधी साधं सलाईन सोडून बघायचं, आणि मगच औषध. कारण शिरेच्या बाहेर थोडं जरी सांडलं तरी तिथलं मांस सडतं, जखम महिनोन्‌महिने भरत नाही. हे औषध करतं काय, तर पेशी दोन भागांत विभागली जात असताना आत जे बारीक धागे तयार होतात तेच होऊ देत नाही, पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्या आधी मरतात, पण आतड्याचं अस्तर आणि हाडांच्या आतला मगज यांच्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच, त्यामुळे उलट्या, जुलाब आणि पांढऱ्या पेशी कमी होणं हे त्याच्याबरोबर येतंच.

हे वाचून घाबरायला होईल, म्हणून आता दुसरी बाजू. पानात ही दोन द्रव्यं अत्यंत कमी असतात. एक ग्रॅम व्हिंक्रिस्टिन काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, म्हणून तर ते औषध सुरुवातीला इतकं महाग होतं. शिवाय तोंडावाटे ते अंगात नीट शोषलंच जात नाही, त्यामुळे त्याची गोळी मिळत नाही, इंजेक्शनच घ्यावं लागतं. तेव्हा दोन पानं खाल्ली म्हणजे मांजराला केमोथेरपी झाली असं काही नसतं. दोन-तीन पानांनी मांजर ओकतं ते मुख्यतः बाकीच्या कडू अल्कलॉइडांनी पोट खवळतं म्हणून.

आणि कडू म्हणजे किती कडू, तर जीभ लागताच कळेल इतकं. ह्यातलं कॅथॅरँथिन नावाचं एक अल्कलॉइड झाड पानाच्या आत ठेवतच नाही, पानावर जो गुळगुळीत मेणासारखा थर असतो त्यात आणून सोडतं, म्हणजे खाणाऱ्या किड्याला पहिल्या चाव्यालाच शिक्षा. मोठं मांजर एकदा चाटतं, तोंड वाकडं करतं, डोकं झटकतं, लाळ गाळतं आणि निघून जातं. मोकाट बकऱ्यासुद्धा सदाफुलीला सहसा तोंड लावत नाहीत, बाकी सगळं फस्त करतात. माझ्याकडे सदाफुलीमुळे येणारी बहुतेक सगळी पिल्लंच असतात, मोठी मांजरं क्वचित, आणि आली तर ती दिवसभर घरात बंद असलेली, कंटाळलेली, हिरवं म्हणून दुसरं काहीच मिळत नसलेली.

सगळ्यात जपायचं ते मुळाला. मुळात अल्कलॉइडचं प्रमाण जास्त असतं आणि त्यातली अजमॅलिसिनसारखी काही रक्तदाब खाली आणणारी असतात. लोक कुंडी बदलताना जुनं झाड उपटून मुळांसकट गॅलरीच्या कोपऱ्यात टाकून ठेवतात, उद्या कचऱ्यात टाकू म्हणून, आणि मातीचा वास आला की मांजर तिथे उकरायला हजर. हे मला पानांपेक्षा जास्त खटकतं. उपटलेलं झाड लगेच पिशवीत बांधून बाहेर. वाळलेली पानं पण तशीच, वाळल्याने विष जात नाही. गुलाबी, पांढरी, नर्सरीतल्या नव्या हायब्रिडचे जांभळे-लाल रंग, ह्यात सेफ-अनसेफ असा फरक धरू नका.

आता काकूंचं. काकूंचं वजन साठ-पासष्ट किलो धरा, तुमचं पिल्लू दोन-अडीच किलोचं. काकूंची तीन पानं म्हणजे पिल्लाच्या हिशेबाने पंचवीसावा हिस्सा. एवढ्यानेच तुलना संपते खरं तर. पण ह्या शुगरच्या समजुतीचा इतिहास मजेदार आहे म्हणून सांगतो. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर ह्या दोघांनी सदाफुली अभ्यासायला घेतली ती याच कारणाने, जमैकातले लोक मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत होते आणि तिथून पानं त्यांच्याकडे आली होती. उंदरांना अर्क देऊन बघितला तर शुगर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या, आणि त्यातूनच व्हिनब्लास्टिन सापडलं. तेव्हा काकूंना माझ्याकडून एवढंच सांगा की रोज पानं खात असाल तर तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला आणि एकदा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करून घ्या. माणसांचं मी बघत नाही, पण हे सांगायला काही जात नाही.

काळजी कधी करायची? मी तीन गोष्टी विचारतो. किती खाल्लं, कोणता भाग खाल्ला, आणि आत्ता मांजर कसं आहे. एखाद-दोन पानं कुरतडली, मांजर ठणठणीत, तर घरीच बघा. मूठभर पानं गायब आहेत, किंवा मुळं खाल्लीत, किंवा पिल्लू अगदी लहान म्हणजे किलोभराचं आहे, तर मांजर कसंही दिसत असो, फोन करा आणि घेऊन या. आणि किती खाल्लं हे कळत नसेल तर उलटी बघा. सदाफुलीचं पान उलटीतसुद्धा ओळखू येतं, जाडसर चकचकीत तुकडे आणि मधोमध फिकट पांढरी शीर, ती पोटात सहजी विरघळत नाही. घाण वाटली तरी त्याचा फोटो काढा. झाडाचाही काढा. दहापैकी निम्म्या वेळा लोक "ते हिरवं काहीतरी" एवढंच सांगतात आणि आमचा अर्धा वेळ अंदाज करण्यात जातो.

बघायचं काय तर पहिल्या काही तासांत लाळ, उलट्या, मग पातळ शी, गप्प बसणं. दोनापेक्षा जास्त उलट्या झाल्या किंवा पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर थांबू नका. चालताना झोकांड्या जाणं, अंग थरथरणं, झटके, कान आणि पंजे गार पडणं हे काहीही दिसलं तर अपरात्रीही निघा, ही लक्षणं रक्तदाब पडल्याची किंवा मेंदूवर परिणाम झाल्याची असतात. हिरडीचा रंग बघायला शिका, हे प्रत्येक मांजरवाल्याला आलं पाहिजे. वरचा ओठ हलकेच उचलायचा, हिरडीवर बोट दाबून सोडायचं, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. जास्त वेळ लागला किंवा हिरडी मुळातच फिकट आहे तर ते लक्षण चांगलं नाही. मांजर शांत असताना रोज एकदा बघून ठेवा, म्हणजे तुमच्या मांजराची नॉर्मल हिरडी कशी दिसते ते माहीत असेल, काही मांजरांच्या हिरडीवर काळे डाग नैसर्गिकच असतात आणि नेमके तेच बघून लोक मध्यरात्री फोन करतात.

अजून एक, मांजराने चोवीस तासांच्या वर काहीच खाल्लं नाही तर कारण कुठलंही असो, दाखवा. विशेषतः लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि मूळ दुखणं बाजूलाच राहून लिव्हरचंच मोठं प्रकरण होतं. कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं तर चालून जातं, मांजराचं तसं नाही.

घरी काय करायचं नाही ते आता, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, मिठाने स्वतःच विषबाधा होते. हायड्रोजन पेरॉक्साइड पाजा असं कुत्र्यांच्या बाबतीत नेटवर सापडतं, मांजराला ते दिलं तर जठराच्या आतून रक्त यायला लागतं. दूध पाजलं की विष उतरतं हे खोटं आहे, मोठ्या मांजरांना दूध मुळात पचत नाही, वर जुलाब सुरू होतात आणि मग जुलाब सदाफुलीचे की दुधाचे हे मलाही कळत नाही. तेल, तूप, हळद, लिंबू काही नको, धडपडणाऱ्या मांजराच्या तोंडात काहीही ओतलं की ते फुफ्फुसात जायची भीती असते. आणि अंग गरम लागतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी तर अजिबात नाही, अर्धीसुद्धा नाही, पाव पण नाही. मांजराच्या लिव्हरकडे ते औषध निकामी करायची यंत्रणाच पुरेशी नसते, हिरड्या चॉकलेटी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, आणि मांजर सदाफुलीने नाही पण त्या गोळीने जातं. हे होतं. वरचेवर होतं.

करायचं एवढंच की तोंडात पानाचा तुकडा दिसत असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढा, कुंडी दूर करा, पाणी समोर ठेवा, मांजराला एका खोलीत लिटर ट्रेसकट ठेवा म्हणजे उलटी-शी किती झाली ते कळेल, नाहीतर ते कपाटावर जाऊन बसतं आणि तुम्हाला वाटतं झोपलंय.

आमच्याकडे आणलं तर आम्ही काय करतो? नुकतंच खाल्लेलं असेल तर इंजेक्शन देऊन उलटी काढतो, गरज वाटली तर अॅक्टिव्हेटेड चारकोल म्हणजे पोटातलं विष धरून ठेवणारा कोळसा, उलट्या थांबायचं इंजेक्शन, सलाईन, बीपी बघणं. ह्या विषावर उतारा असा नाही, शरीर सावरेपर्यंत आधार द्यायचा. बरंच खाल्लं असेल तर मी सीबीसी त्या दिवशी करतो आणि चार-पाच दिवसांनी परत करायला सांगतो, कारण पांढऱ्या पेशी लगेच नाही, काही दिवसांनी खाली येतात, आणि तोपर्यंत मांजर बरं दिसत असल्यामुळे मालक दुसऱ्यांदा येत नाहीत. तुम्ही मात्र या.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लांबण लावलं तो मुद्दा. नेटवरच्या बहुतेक याद्या अमेरिकेतल्या एएसपीसीए ह्या प्राणिसंस्थेच्या यादीवरून उतरवलेल्या असतात. यादी चांगलीच आहे, मीही बघतो, पण तिच्यात झाडासमोर "मांजरांना विषारी" एवढी खूण असते आणि ती खूण सदाफुलीलाही, शेवंतीलाही आणि लिलीलाही सारखीच. वाचणाऱ्याला वाटतं तिन्ही सारखीच. तसं अजिबात नाही. शेवंतीने लाळ गळेल, उलटी होईल, एखाद्याच्या कातडीला खाज सुटेल. सदाफुलीचं वर सांगितलं. आणि लिलीने मांजर मरतं. थोड्याशा पानाने मरतं, अंगावर पडलेले पराग चाटून मरतं, फुलदाणीतलं पाणी प्यायल्याने मरू शकतं.

मी म्हणतोय ती बुकेमधली मोठी लिली, एशियाटिक, ओरिएंटल, स्टारगेझर वगैरे, मोठी वळलेल्या पाकळ्यांची, मधे लांब काड्यांवर चॉकलेटी परागांच्या पिशव्या. आणि डे लिली म्हणून बागेत लावतात तीसुद्धा. वाढदिवस, हॉस्पिटलमधून घरी आलं, रिसेप्शन, सगळीकडे हा बुके येतो आणि सरळ डायनिंग टेबलवर जातो. मांजर खालून जातं, पाठीवर परागांची पूड पडते, ते बसून अंग चाटतं, आणि पोटात गेलं. पहिल्या काही तासांत उलट्या, मग बऱ्याचदा उलट्या थांबतात आणि मालकाला वाटतं बरं झालं, तेवढ्यात आत किडनीच्या पेशी मरत असतात, एक ते तीन दिवसांत लघवी बंद. नेमकं कोणत्या द्रव्याने हे होतं ते अजून सापडलेलं नाही. कुत्र्याला त्याच लिलीने फार तर पोट बिघडतं, किडनी जाते ती मांजराचीच. साधारण अठरा तासांच्या आत सलाईन सुरू झालं आणि दोन-तीन दिवस चालू ठेवलं तर चांगली शक्यता असते, त्यानंतर फार हातात राहत नाही. म्हणून सदाफुलीला मी "लक्ष ठेवा" म्हणतो आणि लिलीला "आत्ताच्या आत्ता या" म्हणतो, मांजर नाचत असलं तरी.

इथे घोटाळा होतो तो असा की आपल्या बाजारात हार-वेण्यांसाठी पांढऱ्या लांब कळ्यांच्या जुड्या मिळतात त्यांनाही लिलीच म्हणतात. ती स्पायडर लिली, वेगळ्याच कुळातली, तिच्या कांद्याने नि पानांनी जोरदार उलट्या होतात पण किडनी जात नाही. पीस लिली अजून वेगळी, ती मनी प्लांट, अळू, डिफेनबेकिया यांच्या जातीची, पानात सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते, मांजर पंजाने तोंड घासत बसतं, जीभ सुजते, एक-दोन दिवसांत बरं होतं. त्यामुळे फोनवर "लिली खाल्ली" म्हणालात तर मी आधी फोटो मागणार.

आणि सोसायटीच्या बागेत, बंगल्याच्या कुंपणाला जी असते ती कण्हेर. लाल, गुलाबी, पांढरी. आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, जिच्या बियांचे मुली खडे खेळायच्या. ही हृदयावर जाते, ठोके अनियमित होतात, थोड्या पानांतही जीव जाऊ शकतो. तसंच कळलावी, आणि सागो पाम म्हणून हल्ली प्रत्येक लॉबीत ठेवतात तो. ही घरात मांजर असेल तर नकोतच, ह्यात माझं दुसरं मत नाही. सदाफुलीबाबत मी वाद घालायला तयार आहे, कण्हेरीबाबत नाही.

झेंडूबद्दल दसरा-दिवाळीला विचारतात म्हणून इथेच सांगून टाकतो. झेंडूच्या फुलाने फारसं काही होत नाही, फार तर थोडं पोट बिघडेल. पण हाराच्या दोऱ्याने होतं. मांजराच्या जिभेवर मागच्या दिशेला वळलेले काटे असतात, दोरा एकदा जिभेवर आला की त्याला तो थुंकता येत नाही, गिळतच जातं. मग दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं, आणि आतडं त्या दोऱ्यावर लेंग्याच्या नाडीवर चुण्या पडाव्यात तसं गोळा होतं, दोरा आतल्या कडेने आतडं कापतो. ऑपरेशन करावं लागतं आणि उशीर झाला तर ऑपरेशनही उपयोगाचं नसतं. सणानंतरच्या आठवड्यात ओकणारं मांजर आलं की मी सगळ्यात आधी तोंड उघडून, गळ्याखालून अंगठ्याने दाबून, जीभ वर करून खाली बघतो. फुलाची भीती लोकांना असते, दोऱ्याची कोणालाच नसते. हार सुकला की कात्रीने दोरा बारीक कापून झाकणाच्या डब्यात टाका. आणि मागच्या बाजूने दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कृपा करून ओढू नका.

कुंडीत आणखी काय काय असतं तेही बघा, कारण कित्येकदा झाड निर्दोष असतं आणि दोष मातीत असतो. नर्सरीतून आणलेल्या रोपावर काय फवारलंय सांगता येत नाही, डायमेथोएटसारखं कीटकनाशक असेल तर मांजराला लाळ, थरथर, श्वासाचा त्रास सुरू होतो, आणि ते सदाफुलीच्या विषापेक्षा लवकर आणि वाईट असतं. नवं रोप आणलं की पानं पाण्याने धुवून आठवडाभर मांजरापासून लांब ठेवा. हाडांचा चुरा घातलेली कुंडी मांजरं-कुत्री हमखास उकरतात. गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात त्या घरात आणूच नका.

कुंड्यांचं काय करायचं ते सांगतो. वर टांगून किंवा फडताळावर ठेवून उपयोग नाही, मांजर तिथे पोचतं, आणि नाही पोचलं तरी पानं खाली पडतात. गॅलरीला जाळी आहे आणि मांजर तिथे दिवसभर असतं असं असेल तर सदाफुली कोणाला तरी देऊन टाका, ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांना, ती कुठेही जगते. मात्र काढली म्हणजे गेली असं समजू नका. तिच्या शेंगा तडकतात, बी सगळीकडे पडतं, मुंग्या नेतात, आणि दोन महिन्यांनी फरशीच्या फटीत, ग्रिलच्या खाचेत, शेजारच्या तुळशीच्या कुंडीत रोपं उगवतात. पिल्लांना नेमकी हीच जमिनीलगतची रोपं सापडतात. दिसली की मुळासकट उपटा.

मांजर मोठं, शहाणं, कधी झाडांना तोंड न लावणारं असेल तर कुंड्या ठेवल्या म्हणून मी कोणाला ओरडणार नाही. पिल्लू आहे तोवर आणि चावरं मांजर असेल तर नको, इतकंच.

तिथे दुसरं लावायचं असेल तर मोगरा, जाई, जुई बिनधास्त लावा. पेटुनिया, झिनिया, जरबेरा, सूर्यफूल चालतं. गुलाबाने काट्याशिवाय काही होत नाही. जास्वंद बहुतेकांना चालते, फार खाल्ली तर पोट बिघडतं. अनंत मात्र नको, त्याने उलट्या-जुलाब होतात, आणि घाणेरी नर्सरीत लँटाना ह्या नावाने कितीही छान दिसली तरी नको.

आणि पिल्लाला त्याचं स्वतःचं हिरवं द्या, बहुतेक भांडण तिथेच मिटतं. मूठभर गहू रात्री भिजत घाला, सकाळी एका पसरट ट्रेमध्ये बोट-दोन बोटं मातीत पसरा, वर हलकीशी माती, रोज पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत वीतभर गवत होतं. फवारणी केलेलं किंवा बियाणं म्हणून औषध लावलेलं धान्य नको, बीजप्रक्रियेचं ते रंगीत बी असतं ते तर नाहीच, दळणाचे घरातलेच गहू घ्या. घरात आहे म्हणून ज्वारी टाकू नका, कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, गुरं त्याने दगावतात हे शेतकऱ्याला विचारा. गवत पिवळं पडायला लागलं की ट्रे बदला, एका वेळी दोन ट्रे आठवड्याच्या अंतराने लावले तर खंड पडत नाही. गवत खाऊन मांजर अधूनमधून ओकेल, त्यात केसांचा गोळा आणि गवताच्या लांब पात्या दिसतील, त्यासाठी फोन करायची गरज नाही. जाडसर तुकडा आणि मधे पांढरी शीर दिसली तर करा.